घाटातला बंब

नदीकाठच्या एका गावात त्र्यंबकराव नावाचे तांबट राहत होते. हंडे, घागरी, पराती असं सगळंच ते घडवत. पण त्यांचा खरा हात बसला होता तो पाणी तापवायच्या बंबावर. वरून गार पाणी ओतायचं, मधल्या नळीत चार ढलप्या पेटवायच्या आणि जरा दम धरून तोटी सोडायची, की बादलीत वाफाळतं पाणी. त्यांचा बंब गळला, असं पंचक्रोशीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. लेकीला आंदण द्यायचा तो त्र्यंबकरावांकडचाच, अशी लोकांची रीतच पडून गेली होती.

सारा जन्म हातोडीच्या आवाजात गेला. उतारवयात त्यांना देश बघायची हौस आली. पण गुडघे धरलेले. सकाळी उठून कढत पाण्यानं शेकल्याशिवाय पाय उचलत नसे. परक्या गावात, परक्या दारात असं पाणी कोण देणार? म्हणून त्यांनी एक जुनी बस घेतली आणि तिचंच घर केलं. आत झोपायला फळ्या, कोपऱ्यात ओटा, टपावर पाण्याची टाकी. मागच्या बाजूला कपाटाएवढी न्हाणी. न्हाणीच्या बाहेर, गाडीच्या पाठीला, लोखंडी घडवंचीवर आपला लाडका बंब त्यांनी पक्का बसवला, टाकीचं पाणी त्यात आपोआप उतरेल असं केलं आणि ऊन पाण्याची नळी आत घेतली. मुलगा दिगंबर हौशी. त्यानं छोटा पंप लावून न्हाणीत शॉवर टांगला. गाव बघायला लोटला. पोरं त्या बसला ‘आंघोळीची गाडी’ म्हणू लागली.

थंडीचे दिवस बघून चौघं निघाली. त्र्यंबकराव, त्यांची बायको यमुनाबाई, दिगंबर आणि सून केतकी.

पहिल्याच सकाळी तंटा झाला. दिगंबर आधी न्हाणीत शिरला आणि शॉवरखाली उभं राहून गाणी म्हणत बसला. मग केतकी गेली. तिला केस धुवायचे होते. मागाहून पाणी मिळतंय की नाही, या धास्तीनं तिनं गरजेपेक्षा दोन तांबे जास्तच घेतले. यमुनाबाईंच्या वाट्याला कोमट आलं. त्र्यंबकरावांनी तोटी सोडली तेव्हा बर्फासारखं गार पाणी गुडघ्यांवर पडलं. त्यांनी तशीच आंघोळ उरकली.

दुसऱ्या दिवसापासून जो तो पहाटेच जागा होऊ लागला. कोण आधी न्हाणी गाठतं, यावरून चढाओढ लागली. आत गेलेला बाहेर यायला तयार नसे आणि बाहेरचा दार वाजवून थकत नसे. ज्यांनी गावोगाव ऊन पाणी पुरवलं, त्यांच्या स्वतःच्या घरात चार माणसांना ते पुरेना. त्र्यंबकरावांना हे फार लागलं. वाटेतल्या एका मोठ्या गावी त्यांनी मुक्काम वाढवला, पत्रा आणला, हत्यारं काढली आणि पहिल्याच्या दुपटीचा बंब ठोकून काढला. दुखत्या गुडघ्यांनी ते दिवसभर हातोडी चालवत होते. जुन्याच्या जागी बसवलेला हा बंब असा देखणा झाला की रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी दिगंबरनं गाणी वाढवली. केतकीनं केसांबरोबर साड्याही ऊन पाण्यात काढल्या. आणि त्र्यंबकरावांच्या गुडघ्यांवर पुन्हा तेच गार पाणी आलं.

यमुनाबाई त्यांचे पाय पुसत म्हणाल्या, “अहो, भांडं तेवढं मोठं केलंत. माणसं तीच आहेत.”

त्र्यंबकराव उठून बंबाची तोटी तपासू लागले.

पुढे घाट लागला. भर थंडीत अवकाळी पाऊस कोसळला आणि त्यांच्या गाडीपुढेच डोंगराची दरड रस्त्यावर आली. मागे फिरावं तर मागेही गाड्यांची रांग लागली होती. संत्र्यांच्या पेट्या वाहणारा एक ट्रक होता आणि त्याच्यामागे एका लग्नाचं वऱ्हाड होतं, दोन टेम्पो भरून. रात्र सगळ्यांनी जागच्या जागी कुडकुडत काढली. उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता, पण वारं अंगाला झोंबत होतं. दरड उपसायचं यंत्र दुपारपर्यंत येईल, असा निरोप आला. लोक चिडले होते. कुणाची गाडी आधी पुढं जाणार, यावरून ट्रकवाला आणि वऱ्हाडी हमरीतुमरीवर आले होते.

त्र्यंबकरावांच्या गाडीत सकाळ नेहमीसारखीच झाली होती. मुलाची आंघोळ झाली, सुनेची झाली. टपावरची टाकी तळाला गेली होती. बंबात जेमतेम एका माणसाचं पाणी उरलं होतं. ते मात्र यमुनाबाईंनी न्हाणीच्या दारात ठाण मांडून राखलं होतं.

“आज तरी गुडघे नीट शेका,” त्या म्हणाल्या.

त्र्यंबकराव पंचा घेऊन उठले, तोच बाहेर एक बाई येऊन उभी राहिली. तिचं नाव हौसाबाई. ती नवरीची मावशी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

“दादा,” ती म्हणाली, “तुमच्या गाडीतनं वाफ येतीया. एक बादली ऊन पाणी मिळंल का? मला न्हाई, नवरीला. काल टेम्पो रुतला, तवा पोरगी बी ढकलाया उतरली. हळदीच्या अंगाला समदा चिखूल लागलाय. लगीन आज गोरजावर हाय. वाट मोकळी झाली तरी थांबून न्हायाला येळ न्हाई मिळायचा. अशीच कशी उभी करू तिला मांडवात?”

दिगंबर दारात येऊन म्हणाला, “मावशी, आमच्याकडेच एका माणसापुरतं उरलंय. तेही बाबांचं आहे.”

तो खोटं बोलत नव्हता. त्र्यंबकरावांनी मागे पाहिलं. टेम्पोच्या फळीवर एक मुलगी बसली होती. हातात हिरवा चुडा, केसांत चिखल वाळून गेलेला, ओठ थंडीनं निळे पडलेले. ती रडत नव्हती. रडून झालं होतं. तिनं मान खाली घातली होती, कुणी आपल्याकडे बघू नये म्हणून.

त्र्यंबकरावांचे गुडघे ठणकत होते. नुसत्या वाफेच्या वासानं त्यांना बरं वाटू लागलं होतं. क्षणभर त्यांनी पंचा मुठीत आवळून धरला. मग तो खांद्यावर टाकला आणि ते पायरी उतरले.

“आजवर नवऱ्या मुलींसाठी बंब ठोकले,” ते म्हणाले. “नवरी स्वतः बंबापाशी यायची ही पहिलीच वेळ. चल पोरी, आत जा. आणि घाई करू नकोस.”

त्या मुलीचं नाव सुगंधा होतं. ती न्हाणीत गेली. केतकीला काय वाटलं कोण जाणे. आपली शिकेकाई आणि धुतलेला टॉवेल घेऊन ती तिच्या मागोमाग गेली. इकडे हौसाबाई थांबली नाही. टेम्पोत नवरीच्या आंदणाचे हंडे होते. त्यातले दोन तिनं उचलले आणि रस्त्याखालच्या ओहोळाकडे चालू लागली. चढावरून भरले हंडे घेऊन ती परत आली आणि दोन्ही हंडे बंबात रिते केले. ट्रकवाल्याकडून फुटक्या पेटीच्या चार फळ्या मागून आणल्या, नळीत सारल्या आणि फुंकर घातली.

“हे कशाला, मावशी?” त्र्यंबकराव म्हणाले.

“घेतलं तेवढं घातलं, दादा. मोकळा बंब मागं ठिवून जाऊ न्हाई. तुमची आंगूळ ऱ्हायलीया न्हवं?”

त्र्यंबकराव बंबाकडे बघत राहिले. बंब लहान पडतो म्हणून त्यांनी नवा ठोकला होता. तोटीतून किती येतं, हे रोज पाहिलं होतं. वरून कोण ओततं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःदेखील कधी ओतलं नव्हतं. टाकी आहे, पंप आहे, मग ओतायचं कशाला, असंच चौघांना वाटत आलं होतं.

एवढ्यात सुगंधा बाहेर आली. स्वच्छ धुतलेलं तोंड, गालांवर पुन्हा पिवळी झाक, ओले केस पाठीवर मोकळे. वऱ्हाडातल्या बायका तिच्याकडे बघून हसल्या. मग त्यांची नजर बंबाच्या वाफेवर गेली आणि त्या चटकन दुसरीकडे बघू लागल्या. मागायचा धीर होत नव्हता.

बंबातलं पाणी आता तापत आलं होतं. ते पुन्हा त्र्यंबकरावांचंच होतं. यमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते काय करणार हे त्यांना आधीच कळलं. त्या हसल्या आणि आणखी एक बादली शोधायला आत गेल्या.

त्र्यंबकराव घडवंचीला धरून उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं हाक दिली. “मंडळी, ज्याला आंघोळ करायचीय त्यानं यावं. बायका आत, पुरुष चादरीच्या आडोशाला. तुमच्या आधीच्यानं भरलं ते पाणी तुमचं. तुम्ही भराल ते तुमच्या मागच्याचं. बाकी काही नको.”

दिगंबर कुजबुजला, “बाबा, आपल्या चौघांना पुरत नाही. एवढ्यांना कुठून पुरणार?”

“तेच बघायचंय मला,” त्र्यंबकराव म्हणाले.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. एकजण ओहोळावर, एकजण बंबापाशी, एकजण आडोशाला. न्हाऊन निघालेला माणूस हंडा उचलून खाली जाई आणि भरून आणी. ट्रकवाल्यानं रिकाम्या पेट्या फोडून लाकडांचा ढीग घातला. ज्यांच्याशी तो सकाळी भांडला होता, त्यांच्याच पाठीवर तो आता पाणी ओतत होता. कुणी ‘जरा जास्त कढत आहे’ म्हणून तक्रार करी आणि सगळे हसत. केतकी गाडीच्या पायरीवर बसून नवरीचे केस विंचरत होती. यमुनाबाईंनी चहाचं आधण ठेवलं. बंब काही थंड झाला नाही आणि काही रिकामाही झाला नाही.

पण वऱ्हाडात भिकाजी नावाचे एक कारभारी होते. मोठं प्रस्थ, भरघोस मिशा. ते आले, तीन बादल्या घेऊन मनसोक्त न्हाले, मिशा पुसल्या आणि हंड्याकडे ढुंकूनही न बघता जाऊन टेम्पोत बसले. त्यांच्यामागे एक म्हातारा उभा होता. त्यानं तोटी सोडली. थोडं कोमट पाणी आलं आणि धार तुटली. म्हाताऱ्याला हुडहुडी भरली.

 आता त्र्यंबकराव काय बोलतात, इकडे सगळ्यांचे कान लागले.

 त्र्यंबकरावांनी आपला पंचा म्हाताऱ्याच्या अंगावर टाकला, रिकामी बादली उचलली आणि ओहोळाची वाट धरली. वाट निसरडी होती. एक पाऊल टाकावं, गुडघ्यावर हात दाबावा, मग दुसरं टाकावं, असं करत ते उतरत होते.

दिगंबरनं वरून ते पाहिलं. ज्या पायांवर आपण रोज गार पाणी पडू दिलं, ते पाय परक्या माणसासाठी दरीकडे उतरताहेत.  तो धावत सुटला आणि त्यानं बापाच्या हातातली बादली धरली.

“बाबा, द्या इकडे.”

“तुझी आंघोळ तर झालीय रे.”

“झालीय,” दिगंबर म्हणाला. “रोज होतेय. भरलं कुठं होतं मी?”

त्र्यंबकरावांनी बादली सोडली. दिगंबर ओहोळावर वाकला, तेव्हा त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी येऊन वाकलं. त्यानं पाहिलं, तर भिकाजी कारभारी. दोन्ही हातांत हंडे, मान खाली.

“पाहुणं, चूक झाली,” ते एवढंच म्हणाले, आणि सगळ्यांत जास्त पाणी मग त्यांनीच वाहिलं. म्हाताऱ्याला त्यांनी स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं.

दुपारी यंत्र आलं. दरड हटली. दिगंबरनं बस कडेला घेतली. वऱ्हाड नव्या कपड्यांत, स्वच्छ अंगानं टेम्पोत चढलं. ट्रकवाल्यानंही आपण होऊन ट्रक कडेला घेतला आणि ओरडला, “नवरीला पुढं जाऊ द्या!” सुगंधा टेम्पोतून उतरली, त्र्यंबकराव आणि यमुनाबाईंच्या पाया पडली, आणि केतकीच्या गळ्यात पडून थोडं रडलीही. हौसाबाईनं बजावलं, “अक्षता टाकाया आला न्हाईसा, तर मी मांडवातनं उठून येईन.”

एकेक गाडी गेली. घाट रिकामा झाला. शेवटी न्हालेल्या ट्रकवाल्यानं बंब काठोकाठ भरून ठेवला होता आणि नळीत लाकडं धडधडत होती. दिवसभरात किती माणसं न्हाली, कुणी मोजलं नव्हतं. बायकांच्या रांगेत यमुनाबाईही न्हाऊन आल्या होत्या. राहिले होते एकटे त्र्यंबकराव.

“बाबा, चला आता तुम्ही,” दिगंबर म्हणाला. त्यानं न्हाणीत स्टूल ठेवलं, पाणी हातानं बघितलं, दार ओढून घेतलं.

त्र्यंबकरावांनी त्या दिवशी पोटभर आंघोळ केली. कढत धार गुडघ्यांवरून वाहत होती आणि आखडलेले सांधे एकेक करून मोकळे होत होते. प्रवासाला निघाल्यापासून पहिल्यांदाच कुणी दार वाजवलं नाही.

ते अंग पुसून बाहेर आले, तर दिगंबर घडवंचीवर उभा राहून बंबात गार पाणी ओतत होता.

“अरे, आता कुणासाठी?” त्र्यंबकराव म्हणाले. “सगळे गेले की.”

“असेल कुणीतरी पुढं,” दिगंबर म्हणाला आणि दुसरी बादली आणायला ओहोळाकडे उतरला.

तात्पर्य: आपण घेतलं तेवढं मागून येणाऱ्यासाठी भरून ठेवावं, मग थोडकंही साऱ्यांना पुरतं. नुसतं घेत राहिलं, तर कितीही मोठं भांडं रितंच होतं.