सतरा म्हणजे सतरा

"बरं, मग यात नवं काय आहे?" खलील मास्तरांनी विचारलं.

"सगळंच," शाल्मली म्हणाली.

मास्तर अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान उलटत होते. शाल्मलीच्या जिवाची नुसती काहिली होत होती. 'नवखंड' खेळाची तिसरी आवृत्ती पुण्यात हाती पडली, तशी तिने तीनशे वीस पानं दोन दिवसांत फस्त केली होती आणि दापोलीची एसटी पकडून सरळ मास्तरांच्या ओटीवर येऊन धडकली होती.

खेळ बोलण्याचा. मास्तर सूत्रधार, ते गोष्ट सांगणार, त्यातले राक्षस आणि नाग चालवणार. बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन गोष्टीत शिरायचं. कोण जगलं नि कोण मेलं, ते फासा ठरवणार. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हापासून त्यांच्या ओटीवर हा डाव चालत आला होता, आणि तोही पहिल्याच, शिवण उसवलेल्या आवृत्तीवर.

शाल्मलीचं पात्र म्हणजे वज्रा. सहा वर्षांत बत्तीस लढाया, एकही हार नाही. कॉलेजात ती हे सांगायची तेव्हा भलेभले गप्प बसायचे.

"सगळंच म्हणजे?"

"चित्रं बघा आधी. बायकांच्या अंगावर पुरतं चिलखत आहे. आपल्या जुन्या पुस्तकात त्या लढाईला निघाल्यात की आंघोळीला, तेच कळत नाही."

रंग्या फिस्सकन हसला. रंग्या म्हणजे श्रीरंग खेडेकर, खेळातला मांत्रिक आणि समोरच्या ताटलीतल्या केळ्याच्या वेफर्सचा काळ.

"रंग्या, दात मिट."

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"आता जन्मावरून गुण नाहीत. बुटक्यांच्या कुळात जन्मला म्हणून बळ दोनने जास्त, हे गेलं. जे कमवाल ते तुमचं."

"हं... चांगलं आहे."

"नुसतं चांगलं?"

"फार चांगलं आहे. पण आपलं काय वाईट चाललंय, पोरी? गरज काय..."

गरज काय! हे दोन शब्द तिने सायकल मागितली तेव्हा ऐकले होते, पुण्याला शिकायला निघाली तेव्हा ऐकले होते. मोठ्यांच्या तोंडात ते सुपारीसारखे कायम घोळत असतात.

"पान दोनशे अकरा काढा," ती म्हणाली.

मास्तरांनी काढलं. वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"मोठ्याने वाचा ना."

"'सूत्रधाराने फासा सर्वांसमोर टाकावा. आडोसा नसावा.'"

...

मास्तरांच्या पुढ्यात पुठ्ठ्याचा तीन घड्यांचा पडदा उभा होता. त्यांनीच कधी काळी रंगवलेला. त्याच्यामागे फासा खुळखुळायचा, मास्तर खाली बघायचे आणि निकाल सांगायचे.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. त्याचीच भीती वाटते."

मास्तरांनी मान वर केली.

"बत्तीस लढाया मी जिंकले, की तुम्ही मला जिंकवलंत?" शाल्मली म्हणाली. "मला कळायला हवं."

"आज अग्निनागाशी गाठ आहे," मास्तर सावकाश म्हणाले. "वज्राचा जीव एका घावावर आलाय. चौदा किंवा त्याच्या वर पडले, तर नागाचा घाव बसला. आणि बसला की..."

"मेली. मला आकडे कळतात."

"सहा वर्षांची आहे ती."

"पडदा काढा, मास्तर."

 मास्तरांनी पडदा मिटला.

मागे चहाचा कप होता. पेन्सिलीचा तुकडा होता. तंबाखूची एक जुनी डबी होती आणि डबीत खुळखुळायला दोन चिंचोके.

फासा नव्हता.

रंग्याचा वेफर हातातच राहिला. "मास्तर... फासा कुठाय?"

"हरवला."

"कधी?"

"तुम्ही दोघं यायला लागलात, त्याच्या आधी."

शाल्मलीची कानशिलं तापली. "म्हणजे बत्तीसच्या बत्तीस..."

मास्तरांनी डबीचं झाकण लावलं.

"तुम्हा मोठ्यांचं प्रेम हे असं! पडद्याआड बसून आमचं भलं ठरवायचं आणि वर टाळ्याही आम्हालाच द्यायच्या!"

"पोरं रडायची, शाल्मली. हरली की यायची बंद व्हायची."

"मी रडले असते," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी आले असते."

...

तिने पिशवीतून फासा काढला. वीस बाजूंचा, हिरवाकंच, नव्या पुस्तकाबरोबर आलेला. मास्तरांच्या पुढ्यात ठेवला.

मास्तरांनी तो उचलला. अनोळखी फळ हातात घ्यावं तसा फिरवून फिरवून पाहिला. मुठीत धरला.

मूठ उघडत नव्हती. शाल्मलीला ते दिसलं. गोष्टीत पुढे काय होणार, हे या माणसाला इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.

"टाका."

फासा टेबलावर घरंगळला, पुस्तकावर आपटला, थांबला.

सतरा.

रंग्याने डोळे मिटून घेतले.

मास्तरांचा हात हळूच पुढे सरकला. बोटाच्या टोकाने फासा जरासा कलंडवायला. निकाल फिरवायची सवयच ती.

शाल्मलीने त्या हातावर आपला पंजा दाबला.

"हात काढा, मास्तर."

"टेबल डुगडुगतं गं... धक्का लागला असेल..."

"सतरा म्हणजे सतरा."

...

मास्तरांनी हात काढून घेतला.

शाल्मलीने वज्राचा कागद पुढे ओढला. खोडून खोडून तो सायीसारखा पातळ झाला होता. त्यावर तिने आडव्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'अग्निनागाशी लढताना धारातीर्थी पडली.' तारीख टाकली. खाली सही केली.

तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

"मेली!" ती खुर्ची मागे ढकलून उठली. "रंग्या, वज्रा मेली! खरीखुरी मेली!"

"अगं, पेढे वाटतेस की काय?"

"वाटते! आख्ख्या आळीला वाटते! ही लढाई माझी आहे. हिच्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही."

शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. शाल्मलीने तिलाही ओरडून सांगितलं की वज्रा मेली. बाईने "अरे देवा" म्हटलं आणि घाबरून आत गेली.

शाल्मलीने कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं आणि मास्तरांसमोर ऐटीत बसली.

"आता बोला, मास्तर. कशी वाटली नवी आवृत्ती?"

खलील मास्तर आपले तळवे निरखत होते. त्यांनी ते लुंगीला पुसले. पुन्हा निरखले.

"हाताला घाम फुटला, पोरी..." ते म्हणाले. "चल, पुढचा डाव मांड."