शेठजींची हाक

इंदुमतीने एकदा सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं. यजमान श्रीपती मुठीत अक्षता घेऊन कहाणी ऐकायला बसत. एका सोमवारी कहाणी संपली, तरी त्यांची मूठ मिटलेलीच. बावीस वर्षं यंत्रमागावर राबून कान मंदावले होते. तिने हात जोडले. ती शंकराला म्हणाली, "उरलंय तेवढं तरी राख. कामावर यांचे कान झाकले जाईपर्यंत मी गोड खाणार नाही."

डॉक्टर म्हणाले, कापसाने भागत नाही, फोमचे बोळे चिमटीत वळून कानात नीट बसवा. पण कारखान्यात शेठजी ते काढायला लावत. शेवटी जेवणाचा डबा घेऊन तीच गेली.

"वहिनी, कान बुजवले तर माझी हाक कोण ऐकणार?" शेठजींनी तिला दाराबाहेर नेऊन विचारलं.

"खरंच की. आत्ता कान उघडेच आहेत. यांना एक हाक मारा बरं."

शेठजी दारात उभे राहून ओरडले. पुन्हा ओरडले. मागांच्या खडखडाटात एकही मान वळली नाही. मग रोजच्या सवयीने त्यांनी दिव्याचं बटण दोनदा दाबलं, तसे श्रीपती लगेच आले.

"शेठजी, तुमची हाक हे डोळ्यांनी ऐकतात," इंदुमती हळूच म्हणाली. "डोळे कोण झाकतंय?"

शेठजींना हसू आलं. त्यांनी सगळ्यांसाठीच बोळे मागवले.

सोळाव्या सोमवारी तिने यजमानांच्या कानाशी बसून कहाणी वाचली, त्यांनी वेळेवर अक्षता वाहिल्या, आणि तिने चुरम्याचा लाडू खाल्ला.

बायांनो, तुमच्या घरचंही कोणी खडखडाटात राबत असेल, तर त्यांचे कान झाकायचा एवढा नेम तुम्हीही धरा.