कपिलेवर निघालेला मायेचा हुकूम

कपिला तान्ही असताना तिची आई गेली. वासरू काही केल्या दूध तोंडात धरेना, तेव्हा राजाच्या गोठ्यात शेण काढणारी ठकू हात जोडून म्हणाली होती, "देवा, एवढं जगू दे. हिला पहिला घास दिल्याशिवाय मी कधी जेवणार नाही." वासरू जगलं, त्याची गाय झाली, पण ठकूनं व्रत सोडलं नाही.

यंदा वसुबारसेला राजा प्रतापभान हौसेनं स्वतः नैवेद्य घेऊन आला. कपिलेनं हुंगलं, फुर्रकन शिंकली, पाठ फिरवली आणि पूजेला आलेल्या साऱ्या बायकांदेखत ठकूचा हात चाटत उभी राहिली.

राजाचे कान लाल झाले. "उद्या दिवेलागणीपर्यंत हिनं माझ्यावर माया केली पाहिजे. नाहीतर हिला शेजारच्या राजाला देऊन टाकतो!"

दुसऱ्या दिवशी सेनापतींनी कपिलेला सलामी दिली. राजकवींनी तिच्या शेपटीवर काव्य म्हटलं. प्रधानजींनी मायेचा हुकूम तिच्या कानाशी वाचला. तिनं तो शांतपणे खाऊन टाकला.

"निदान पोटात तरी उतरला," प्रधानजी म्हणाले.

ऊन कललं. ठकूला राहवेना. "महाराज, अत्तर लावलंय का हो?"

"गाईकडे यायचं म्हणून अख्खी कुपी ओतली."

"तेच तिच्या नाकाला झोंबतंय. धुऊन या. मुकुट खुंटीला लावा आणि माझी ही घोंगडी पांघरा."

घोंगडी पांघरून, भाकरीचा तुकडा घेऊन राजा पुढं झाला. कपिलेनं तुकडा खाल्ला आणि राजाचं तोंड दाढीमिशांसकट चाटून काढलं.

राजा खुलला. मग एकदम थबकला. "अगं लबाडे, ही माया माझ्यावर नाही, तुझ्या घोंगडीवर आहे!"

"मग दरबारातले मुजरे तरी कुणाला असतात, महाराज? उद्या मुकुट इथंच ठेवून जाऊन बघा."

प्रधानजींनी डोळे मिटले. राजा मात्र गव्हाणीला धरून पोट दुखेपर्यंत हसला. डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे मला ही कधीच जीव लावणार नाही?"

"लावेल की. घोंगडी पांघरून रोज या, आपल्या हातानं घास द्या. घोंगडीचा वास हळूहळू विरेल, तुमचा तिच्या ओळखीचा होईल."

राजानं कपिला ठकूलाच देऊन टाकली आणि वर तिच्या नावे कुरणही दिलं. पण सकाळचा एक घास मात्र स्वतःकडे मागून घेतला.

ठकूला कपिला लाभली, तशी माया ही कहाणी ऐकणाऱ्या तुम्हांलाही लाभो. उद्या पानावर बसाल तेव्हा दाराकडे बघा, बाई, आणि कुणी मुकं जनावर उभं असेल तर पहिला घास त्याला द्या.