एक फळी जास्त

खूप खूप वर्षांपूर्वी, राजे गडावर राहत आणि त्यांची औषधे गडाखालच्या गार गुहेत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

गडावरच्या दवाखान्यात एकच छोटी फळी होती. तिच्यावर मोजक्याच बरण्या मावत. नवी बरणी वर आणायची तर आधीची एक खाली न्यावी लागे. हे काम एका म्हाताऱ्या दासीकडे होते. जिला सर्वांत जास्त दिवस कोणी हात लावला नसेल, ती बरणी म्हातारी खाली नेई. फळी एवढी लहान का, हे मात्र कोणी कधी विचारले नव्हते.

उन्हाळाभर कोणाला ताप आला नाही, म्हणून तिने तापाची बरणी खाली नेली. नेमकी त्याच संध्याकाळी राजकन्या तापाने फणफणली. म्हातारी धापा टाकत गड उतरली, पुन्हा चढली. मुलगी वाचली, पण तोवरचे तिचे तळमळणे राजाला बघवले नव्हते. त्याने म्हातारीला गड सोडून जायला सांगितले. बिचारी या वयात जाणार कुठे?

"जाते, महाराज," ती म्हणाली. "पण त्याआधी एक दिवस ही फळी आपण सांभाळावी."

राजा हसला आणि तयार झाला. सकाळीच एक नवी बरणी वर आणायला त्याने विंचवावरच्या औषधाची बरणी खाली नेली, आणि थोड्याच वेळात माळी विंचू चावला म्हणून विव्हळत आला. मग खोकल्याची बरणी खाली गेली, तर आचारी खोकत दारात उभा. दिवसभर राजा गड चढत-उतरत राहिला.

संध्याकाळी म्हातारीने त्याला पाणी दिले. आज कोण कोण आले ते आता आपल्याला ठाऊक आहे, तर कोणती बरणी कधी हलवायला हवी होती ते सांगावे, असे ती म्हणाली. राजाने खूप डोके चालवले. काही खेपा वाचल्या, काही वाचेनात.

"सगळे ठाऊक असूनही खेपा चुकत नाहीत," तो म्हणाला, "आणि तुम्हाला काहीच ठाऊक नसताना मी तुम्हाला दोष दिला, आजी." त्याला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी राजाच्या हुकमावरून सुताराने पहिल्या फळीखाली तेवढीच दुसरी फळी ठोकली. म्हातारी गडावरच राहिली आणि तिची रीतही तीच राहिली. पण तिच्या खेपा इतक्या कमी झाल्या, की पूर्वीची ती एकच फळी उद्याचे सगळे जाणणाऱ्याने सांभाळली असती, तरी त्याला तिच्यापेक्षा फार कमी चालावे लागले नसते. राजकन्येला पुन्हा ताप आला तेव्हा बरणी हाताशीच होती.

तात्पर्य: ज्याला उद्या काय होणार हे ठाऊक नाही, त्याला दोष देण्याआधी त्याच्या हाताशी एक फळी जास्त द्यावी.