थांबणाऱ्या द्वारकाबाई

“ऊठ इठे! म्हशी खोळंबल्यात!” सुभाना कुंभार लेकीचा एक हात ओढत होता. दुसरा हात द्वारकामास्तरणींनी घट्ट धरला होता.

“पोरगी ढ आहे बाई, सोडा तिला. सकाळपासून एका शब्दावर अडलीय!”

“अडली नाही मेल्या, पोचतेय!”

“त्यात काय पोचायचं? पुस्तकातलं चित्र झाकलंत तरी दिसलं मला. सांगतो की मीच, रां...”

“गप्प!” बाई अशा कडाडल्या, की चिंचेवरचे कावळे उडाले.

फार वर्षांपूर्वी चिंचखोरीची शाळा त्या चिंचेखाली भरायची. आधीचे मास्तर पोर अडखळलं की टपली मारायचे आणि शब्द सांगून मोकळे व्हायचे. पोरं धडे घडाघडा म्हणायची, पुस्तक उलटं धरलं तरी! मग द्वारकाबाई आल्या. त्या ना टपली मारत, ना शब्द सांगत. पोराच्या तोंडाकडे बघत बसत, जणू आता तिथून मोती पडणार आहे. आणि खरंच पडायचा.

त्या दिवशी बाई सुभानाला एकच वाक्य बोलल्या. त्यानं हात सोडला आणि मटकन खाली बसला. उद्यापासून लेक शाळेत की म्हशींमागं, ते आता इठी तो अडलेला शब्द वाचते की नाही, यावर होतं.

बाई थांबल्या. असं म्हणतात, चिमणीनं त्यांच्या अंबाड्यात घरटं बांधलं, अंडी घातली, तरी बाईंची मान हलली नाही. असं म्हणतात, सूर्यही चिंचेच्या शेंड्याला टेकून उभा राहिला. पुढं सरकायची त्याची काय छाती!

“रां... रां...” इठी पुटपुटत होती. सुभानाच्या जिभेवर शब्द नाचत होता. त्यानं पागोट्याचा शेव तोंडात कोंबला.

“रां...जण. रांजण!”

अंबाड्यात पिल्लं चिवचिवली. सुभानानं जन्मभर रांजण घडवले, पण एवढा मोठा रांजण त्यानं कधी पाहिला नव्हता. इठी मग थांबलीच नाही. पुस्तक संपलं, तेव्हा कुठं सूर्य मावळला.

चिंचखोरीत आजही पोर वाचताना अडलं, की वाटसरू पाऊल रोखतो, कुंभार फिरतं चाक धरतो. मडकं बिघडलं तर बिघडू दे! आणि कुणी आगाऊ पाहुण्यानं मध्येच शब्द सांगितला, तर गाव त्याला बाईंचं तेच वाक्य ऐकवतं, ज्यानं सुभानाचा हात सुटला होता:

“लेकराच्या तोंडचा घास ओढून खात नाहीस ना रे सुभाना, मग तिच्या तोंडचा शब्द का ओढतोस?”