धुळीत पडलेली गोळी

"मला चीवर कधी देणार, भन्ते?"

सुकेशनीने पुन्हा तेच विचारलं. तिला भिक्खुणी व्हायचं होतं. भदंत शीलपाल विहाराच्या ओट्यावर बसले होते.

"सगळं सोडता येईल?"

"सोडलंय."

ते खोटं नव्हतं. एचआयव्ही तिच्या रक्तात जन्मापासूनच होता. ती शाळेत जायच्या आधीच आईवडील गेले, मावशीने वाढवलं. पुढे नर्सिंग शिकायला ती परभणीला गेली. तिथं वसतिगृहातल्या मुलींच्या हाती तिच्या गोळ्यांची डबी लागली. दुसऱ्या दिवशी तिची कॉट व्हरांड्यात होती.

तिने शिक्षण सोडलं. मग गोळ्या सोडल्या. डोंगराखालच्या या विहारात येऊन ती सगळ्यांआधी उठायची, अंगण झाडायची, सुत्तं तोंडपाठ म्हणायची. खोकला हटत नव्हता, कपडे ढगळ होत चालले होते. त्याचाही तिला एक ताठा होता.

त्या दिवशी संध्याकाळची वंदना आटोपली. भन्त्यांनी रक्तदाबाची गोळी काढली. ती हातातून निसटून अंगणात पडली.

ऐंशीच्या घरातला तो माणूस गुडघे टेकून धूळ चाचपडू लागला. सुकेशनी नुसती बघत राहिली. तिला त्यांचीच लाज वाटली.

"शरीर अनित्य आहे, हे तुम्हीच शिकवता, भन्ते. आणि एका गोळीसाठी..."

गोळी सापडली. त्यांनी ती फुंकली, पाण्याबरोबर गिळली.

"अनित्य आहे, म्हणून तर."

मग त्यांनी तिच्या गोळ्यांची चौकशी केली. विहिरीत टाकल्या, असं तिने सांगितलं. ते रागावले नाहीत.

"लोकांनी तुला टाकलं. मग तू स्वतःला टाकलंस. यात कुणी काय सोडलं?"

वसतिगृहातून निघाल्यापासून ती रडली नव्हती. आता रडली. भन्ते शेजारी बसून राहिले, समजूत काढायला गेले नाहीत.

सकाळी दोघं फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होते. जिल्हा रुग्णालयात जायचं होतं. तिथले लोक ओरडतील, असं ती म्हणाली. ओरडतील, असं तेही म्हणाले.

"एवढे महिने खंड पडलाय, भन्ते. आता गोळ्यांचा गुणच आला नाही तर?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरून एसटी येते का ते पाहिलं.

पुढे कित्येक वर्षांनी हे सगळं तिने मला सांगितलं, तेव्हा ती तिशी ओलांडलेली, बऱ्यापैकी अंग भरलेली बाई होती. समोर शिवणकाम पसरलं होतं, दारात नवऱ्याची सायकल होती. पण त्या सकाळी यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. भन्त्यांनाही नव्हतं.

एसटी आली.

"चढ," भन्ते म्हणाले. "खिडकीपाशी बस."