पाचोळ्याखालचे बी

एका माळाच्या टोकाला, आटत चाललेल्या ओढ्याजवळ, एक सशीण आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. स्वभावाने मोठी काळजीखोर. पान वाजले तरी हिचे कान उभे! यंदा मात्र तिच्या काळजीला कारणही तसेच होते, मुलांनो. ऐन वैशाखात वणवा लागला आणि माळावरचे सगळे गवत जळून गेले. ओला चारा मिळेना, म्हणून तिचे दूध आटू लागले. पिल्ले तर अजून दुधावरचीच. पावसाला महिनाभर अवकाश होता. तोवर ती जगायची कशी, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला.

तिने पिल्लांच्या अंथरुणातले वाळके गवत झटकून पाहिले, तेव्हा त्यातून दोन मुठी बी निघाले. एक मूठ तिने राखून ठेवली आणि दुसरी ओढ्याकाठच्या मऊ मातीत पेरली. शेजारी उघड्या रेतीवर एक टिटवी अंडी उबवत होती. अंडी उन्हाने तापू नयेत म्हणून ती ओढ्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी त्यांच्यावर बसायची. ते पाहून सशिणीला युक्ती सुचली. ती पाण्यात डुंबायची, धावत यायची आणि बियांवर अंग झाडायची. ओल टिकावी म्हणून तिने वर करंजाचा पाचोळाही पसरला. इथवर सगळे शहाण्यासारखे झाले.

पण स्वस्थ बसेल ती सशीण कसली! बी रुजले की कुजले, या धास्तीने ती घटकेघटकेला पाचोळा उचके, एखादे बी उकरून हुंगे आणि पुन्हा पुरून ठेवी. चौथ्या दिवशी भर दुपारी तिला पांढरे कोंब दिसले. आनंदाच्या भरात पाचोळा तसाच बाजूला टाकून ती पिल्लांना सांगायला धावली. परत येऊन पाहते तो काय, सगळे कोंब करपून गेलेले. सर्वांत धाकटे पिल्लू तर अशक्तपणामुळे सकाळपासून दुधाला तोंडही लावत नव्हते. सशीण उन्हाच्या नावाने रडू लागली.

टिटवी म्हणाली, "बाई, उन्हाला कशाला बोल लावतेस? माझ्या अंड्यांत जीव आलाय की नाही, हे मलाही ठाऊक नाही. म्हणून मी अंडे फोडून बघते का?"

"तुला भीती नाही वाटत?" सशिणीने विचारले.

"वाटते की. रोज वाटते. पण भीती माझी आहे, तिचा चटका अंड्यांना कशाला?"

सशिणीने राखलेली मूठ पेरली. आता ती चुकली असती तर तिसरी मूठ नव्हती. सकाळ-संध्याकाळ ती पाचोळ्यावर अंग झाडी आणि मागे फिरे. दुपारी मात्र तिचे पंजे शिवशिवत. मग ती पंजे पोटाखाली दाबून टिटवीशेजारी बसून राही. धाकट्याचा क्षीण आवाज कानावर आला की ती जाऊन त्याला चाटून येई, पण पाचोळ्याला तिने हात म्हणून लावला नाही. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी पाहते तर पाचोळा आपोआप वर उचलला गेला होता आणि त्याच्या फटींतून हिरवी पाती डोकावत होती. तिने मुळांना धक्का न लावता वरची कोवळी टोके तेवढी खुडून खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तसेच केले. त्या संध्याकाळी धाकटे पिल्लू पोटभर दूध प्याले आणि पिता पिताच झोपी गेले.

तात्पर्य : पेरलेल्याची राखण जरूर करावी, पण आपल्या जिवाची घालमेल शमवण्यासाठी ते उकरून पाहू नये.